डेटा सेंटर समोर, मग कॉल का अडकतो?

ऐरोलीत आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर उभं राहिलं की ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडे, एमआयडीसीच्या बाजूला, खिडक्या नसलेल्या मोठाल्या इमारती दिसतात. छतावर कूलिंगची यंत्रं ओळीने मांडलेली, कंपाउंडात जनरेटर. ही डेटा सेंटरं, म्हणजे इंटरनेटवरचा डेटा साठवणाऱ्या कॉम्प्युटरांची गोदामं. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या शेजारी ती गेल्या काही वर्षांत उभी राहिली, आणि पेपरात अधूनमधून आणखी एकाची बातमी येतच असते.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गेल्या महिन्यात मला गच्चीवरच गाठलं. त्यांचा मुलगा जर्मनीत असतो. रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल लागतो, दोन मिनिटांत त्याचा चेहरा गोठतो आणि आवाज तुटक यायला लागतो. प्लॅन शंभर एमबीपीएसवरून तीनशेचा करून झाला, बिल वाढलं, कॉल होता तसाच. समोरच्या इमारतींकडे हात करून त्या म्हणाल्या, "अरे, सगळं नेट म्हणे इथेच भरून ठेवलंय. मग रस्ता ओलांडून माझ्या घरात यायला त्याला काय होतं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. नेटवर्कच्या कामात मला वीस वर्षं झाली आणि हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडांनी शेकडो वेळा ऐकलाय. अडचण अशी की 'स्पीड' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एका गोष्टीचे पैसे भरतो आणि दुसरी सुधारेल अशी वाट बघत बसतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून पार मुळापासून सांगतो.

'ठाणे' हा शब्द काचेतून कसा जातो

कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत. त्याला दोनच गोष्टी कळतात: आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. अशा एका 'आहे-नाही'ला बिट म्हणतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं, काना वेगळा, मात्रा वेगळी, आजच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइटांत लिहिलं जातं. 'ठाणे'मध्ये ठ, काना, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं आहेत. बारा बाइट, म्हणजे ९६ बिट. काकूंनी मुलाला नुसतं 'ठाणे' लिहून पाठवलं की ९६ वेळा 'आहे-नाही' करावं लागतं. पत्ता आणि कुलूप (वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून केलेली सोय) यांचं ओझं वेगळं.

घरात आलेल्या फायबरमध्ये हे 'आहे-नाही' प्रकाशाच्या उघडझापीने जातं. तो तंतू काचेचा असतो, जाडीला केसासारखा, आणि प्रकाश त्याच्याही आतल्या बारीक गाभ्यातून आपटत-परतत पुढे सरकतो. काचेच्या तंतूंमधून चित्र वळवून नेता येतं हे १९५४ मध्ये लंडनला दाखवणाऱ्यांत पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंग कपानी होते. पुढे १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी मांडलं की काचेतली अशुद्धता काढली तर प्रकाश कितीतरी किलोमीटर जाऊ शकेल. त्या कामासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं.

सोसायटीत येणारा एक तंतू वाटेत स्प्लिटर नावाच्या छोट्या डबीत फुटतो आणि बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो. या डबीला वीज लागत नाही, कारण ती फक्त प्रकाश विभागते. सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत कंपनीकडून घरांकडे सेकंदाला सुमारे २५० कोटी बिट येतात आणि घरांकडून उलट दिशेला साधारण १२५ कोटी जातात. गंमत म्हणजे येणारा प्रकाश त्या सगळ्या घरांत सारखाच पोचतो. शेजाऱ्यांचा डेटासुद्धा तुमच्या घरातल्या फायबरच्या डबड्यापर्यंत येतो, पण तो कुलूपबंद असतो आणि तुमचं डबडं फक्त आपल्या नावाचा तुकडा उचलतं. उलट दिशेला मात्र सगळी घरं एकदम बोलली तर गोंधळ होईल, म्हणून प्रत्येक घराला आळीपाळीने वेळ नेमून दिलेली असते. चाळीतल्या नळावर नंबर लावायचे तसंच.

एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष बिट. बाइट नव्हे. म्हणून तीनशेच्या प्लॅनवर फाइल उतरवताना फोन सेकंदाला फार तर ३७ एमबी (म्हणजे दशलक्ष बाइट) दाखवतो. तिथे कोणी फसवलेलं नसतं, आठाने भागलेलं असतं.

वऱ्हाड रिक्षांनी जातं

जुन्या टेलिफोनच्या पद्धतीत ठाण्याहून पुण्याला फोन लावला की तेवढा वेळ मधली एक वाट तुमच्यासाठी राखून ठेवली जायची. तुम्ही गप्प बसलात तरी ती दुसऱ्या कोणाला मिळायची नाही. आपलं वऱ्हाड कळव्याहून वाशीच्या हॉलवर जायचंय म्हणून अख्खा रस्ता दिवसभर बंद ठेवण्यासारखं हे झालं.

इंटरनेटने ही पद्धत मोडली. वऱ्हाड रिक्षांत बसवायचं, तिघं-तिघं. प्रत्येक रिक्षाला एक चिठ्ठी: हॉलचा पत्ता, कोणाकडची मंडळी, आणि अनुक्रमांक. कोणी ठाणे-बेलापूर रस्त्याने सरळ जाईल, कोणी आतल्या सेक्टरांतून. रस्ता सगळ्यांसाठी खुला, इतरांच्या रिक्षाही त्यातच. रिक्षावाल्याला लग्न कोणाचं हे कळायची गरज नाही, चिठ्ठी पुरते.

या रिक्षेला पॅकेट म्हणतात. एका पॅकेटमध्ये साधारण दीड हजार बाइट मावतात. तुम्ही तीन एमबीचा फोटो पाठवला की त्याचे दोन हजारांच्या आसपास तुकडे होतात. ही कल्पना १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी एकमेकांशी संबंध नसताना मांडली. पॅकेट हे नाव डेव्हिस यांचं. बॅरन यांच्या डोक्यात प्रश्न होता की हल्ल्यात मधले काही दुवे उडाले तरी निरोप कसा पोचेल. तो प्रश्न आजही कामाला येतो, पुढे सांगतो.

हॉलच्या दारात मामा उभे असतात. ते रिक्षा मोजतात. सात नंबर आली नाही असं दिसलं की लगेच फोन: "सातवी परत पाठवा." उलटसुलट आलेल्यांना ओळीत बसवणं हेही त्यांचंच काम. या मामांच्या नियमावलीला टीसीपी म्हणतात. तिचा आराखडा विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडला. फोटो, फाइल, बँकेचा व्यवहार यांत मामा लागतातच, कारण एक तुकडा हरवूनही चालत नाही.

व्हिडिओ कॉलची गोष्ट निराळी आहे. मुहूर्त टळून गेल्यावर आलेल्या अक्षतांचा काय उपयोग? अर्ध्या सेकंदापूर्वीच्या बोलण्याचा हरवलेला तुकडा आत्ता मागवून काही साधत नाही. म्हणून कॉलमध्ये बहुतेक वेळा मामांना बाजूला ठेवतात. आलं ते दाखवा, राहिलं ते सोडा. कॉलमध्ये चेहऱ्याचे चौकोन होतात किंवा शब्द गिळला जातो, तेव्हा काही रिक्षा आलेल्याच नसतात किंवा उशिरा आलेल्या असतात.

पत्ता: ऐरोलीचा पिनकोड आठवा

चिठ्ठीवरचा पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस, एक मोठा आकडा. जगातल्या प्रत्येक चौकातल्या यंत्राला (त्याला राउटर म्हणतात) प्रत्येक घराचा पत्ता पाठ असणं शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. ऐरोलीचा पिन ४००७०८. कोलकात्याचा टपाल कर्मचारी पहिला ४ बघतो आणि पत्र पश्चिमेकडे पाठवतो, पुढे कोणीतरी ४०० बघून मुंबईकडे वळवतो, आणि शेवटचे तीन आकडे इथल्या माणसाच्या कामाचे. राउटरही असंच करतो. पत्त्याच्या सुरुवातीचा जेवढा भाग त्याला ओळखता येतो तेवढा बघून पॅकेट पुढच्या चौकात ढकलतो. पूर्ण वाट कोणालाच माहीत नसते.

जुन्या पद्धतीचे असे पत्ते ४३० कोटींच्या आतच आहेत, म्हणून घरातले पाच-सहा फोन मिळून एकच पत्ता वापरतात आणि दारातला राउटर सोसायटीच्या वॉचमनसारखा आत कोणाचं पार्सल ते बघून देतो. नव्या पद्धतीत पत्त्यांची चणचण नाही. दोन्ही सध्या शेजारी-शेजारी चालू आहेत.

रुंदी वेगळी, वेळ वेगळी

आता मूळ मुद्दा. रस्त्याबद्दल दोन प्रश्न विचारता येतात. एका वेळी किती गाड्या मावतात? आणि एका गाडीला पोचायला किती वेळ लागतो? पहिला रुंदीचा प्रश्न. तुमचा शंभर, तीनशे, हजार एमबीपीएसचा आकडा रुंदी सांगतो. दुसऱ्याला विलंब म्हणू या. तो मिलिसेकंदांत मोजतात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, आणि जाहिरातीत तो सहसा नसतो.

काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर. जायला ३३ मिलिसेकंद, येऊन-जाऊन ६५. केबल सरळ रेषेत टाकता येत नाही, समुद्रातून वळसे घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा शंभराच्या वर जातो. तुम्ही तीनशेचा प्लॅन हजारचा केलात तरी यातला एक मिलिसेकंद कमी होत नाही. घोडबंदर रोडला दोन लेन वाढवल्या तरी माजिवडा ते गायमुख हे अंतर तेवढंच राहतं.

आणि व्हिडिओ कॉलला रुंदी लागते तरी किती? चांगल्या चित्राला तीन-चार एमबीपीएस पुरतात. काकूंचा शंभरचा प्लॅनसुद्धा त्याच्या पंचवीस पट होता.

"मग समोरचं डेटा सेंटर कोणाच्या कामाचं?"

वरचंच गणित करून बघा. समजा एक घर डेटा सेंटरला खेटून आहे आणि दुसरं बदलापूरला, तीस-पस्तीस किलोमीटरवर. येऊन-जाऊन फरक पडतो एका मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. पापणी लवायलासुद्धा शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात. म्हणजे ऐरोलीकराला बदलापूरकरापेक्षा काहीही जास्त मिळत नाही.

शिवाय समोरच्या इमारतीत जाणारं पॅकेट रस्ता ओलांडून जातच नाही. ऐरोलीहून ऐरोलीत कुरिअर पाठवलं तरी ते आधी भिवंडीच्या गोदामात जाऊन येतं ना, तसं तुमचं पॅकेट आधी तुमच्या कंपनीच्या मोठ्या केंद्रात जातं, तिथून दुसऱ्या कंपनीच्या हवाली होतं, मग इथे परत येतं. दोन कंपन्यांनी एकमेकांची पॅकेट देण्या-घेण्याच्या जागेला इंटरनेट एक्स्चेंज म्हणतात. अशा जागा आपल्याकडे पुरेशा नव्हत्या तेव्हा भारतातल्या भारतातला निरोप परदेशातून फिरून येत असे. ते थांबावं म्हणून २००३ मध्ये 'निक्सी' ही संस्था उभी राहिली.

डेटा सेंटर जवळ असण्याचा फायदा देशाच्या पातळीवर दिसतो. लोकप्रिय सिनेमा किंवा क्रिकेटची मॅच प्रत्येक वेळी अमेरिकेतून ओढून आणावी लागत नाही, तिची प्रत मुंबई परिसरात ठेवलेली असते. बँकांची आणि शेअर बाजाराची कामं मुंबईत, समुद्राखालच्या केबली मुंबईच्या किनाऱ्यावर येतात, आणि एमआयडीसीच्या पट्ट्यात जागा आणि वीज मिळते. म्हणून ही सेंटरं इथे आली.

"मालिका छान चालते, मग कॉलच का अडकतो?"

काकूंचा हा पुढचा प्रश्न होता, आणि मला तो सगळ्यांत आवडला.

मालिकेला गच्चीवर टाकी असते. तुम्ही बघताय त्याच्या पुढचा भाग टीव्हीने आधीच उतरवून साठवलेला असतो. वाटेत नळ अर्धा मिनिट गेला तरी टाकीतलं पाणी चालू राहतं, घरात कोणाला कळतही नाही. कॉलला टाकी ठेवता येत नाही, कारण मुलगा पुढे काय बोलणार ते अजून बोलायचंय. नळाची धार क्षणभर तुटली की चेहरा गोठला. शिवाय मालिकेला फक्त येणारी वाट लागते, कॉलला येणारी आणि जाणारी दोन्ही लागतात.

"पण हे सगळं उपग्रहावरूनच येतं ना?"

हा समज फार पसरलेला आहे, कारण आपण टीव्हीची छत्री बघत मोठे झालो. खंडाखंडांमधला बहुतेक सगळा डेटा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलींतून जातो. टीव्हीचे उपग्रह जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. तिथवर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद जातो आणि उत्तर यायला तेवढाच पुन्हा, अशात गप्पा रंगत नाहीत. खालून, पाचेकशे किलोमीटरवरून फिरणारे नवे उपग्रह विलंब पुष्कळ कमी करतात आणि जिथे केबल पोचत नाही अशा गावांना ते वरदान आहेत. ऐरोलीसारख्या ठिकाणी मात्र फायबरच सरस. फाइव्ह-जीचंही तसंच: हवेतून जातो तो फोन ते टॉवर एवढाच टप्पा, पुढचा प्रवास बहुतेक वेळा काचेतूनच.

लाल समुद्रात केबल तुटली तेव्हा

सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाजवळ केबली तुटल्या आणि भारतातही काहींचं नेट मंदावलं. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ असंच झालं होतं आणि तेव्हा आपल्याला फटका फार जोरात बसला होता.

ऐरोलीचा खाडीपूल बंद पडला तर मुलुंडला जाणारा माणूस घरी बसत नाही. तो विटावा-कळव्यावरून किंवा वाशीच्या पुलावरून जातो. पॅकेटही तेच करतात. राउटर एकमेकांना सतत सांगत असतात की माझ्याकडून अमुक ठिकाणी जाता येतं. एक वाट बंद झाली की ते दुसरीकडे वळतात. बॅरन यांचा प्रश्न सुटतो तो इथे. पण वळसा लांबचा, आणि सगळ्यांनीच तो घेतल्यावर त्या पुलावरही रांग लागते. म्हणून नेट बंद पडत नाही, विलंब वाढतो, आणि त्याची झळ आधी कॉलला लागते.

शेवटचे दहा मीटर

काकूंच्या बाबतीत मात्र समुद्रात काही झालेलं नव्हतं. रविवारी संध्याकाळी मी लॅपटॉप आणि एक लांब वायर घेऊन त्यांच्याकडे गेलो.

राउटर टीव्हीच्या शोकेसमध्ये, खालच्या बंद कप्प्यात होता. दार लावलेलं, पुढे पितळी समई आणि स्टीलचे दोन डबे. पिवळी फायबर कप्प्याच्या मागून निघून दाराच्या बिजागरीपाशी वाकलेली. काच जास्त वाकली की वळणावर प्रकाश बाहेर झिरपतो, म्हणून आधी तेच बघितलं. प्रकाश मोजायच्या मीटरवर आकडा ठीक आला. लॅपटॉप वायरने थेट जोडला आणि पिंग केलं. पिंग म्हणजे एक चिमुकलं पॅकेट पाठवायचं आणि ते परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मुंबईतल्या एका यंत्राला पिंग केलं तर ४, ५, ४, ४, ५ मिलिसेकंद. याहून चांगलं कनेक्शन मागायचं नाही.

मग लॅपटॉप आतल्या खोलीत नेला, जिथे काकू कॉलला बसतात, आणि वायर काढून वायफायवर पिंग केलं. ७, ९, ८, २१४, ११, ३९०, मग एक पॅकेट गायबच. मधे दोन भिंती आणि आरशाचं कपाट. काकू माझ्या खांद्यावरून आकडे वाचत होत्या. ३९० दिसल्यावर म्हणाल्या, "जर्मनीपेक्षा ही खोली लांब आहे का रे?"

आकड्यांनी तेच सांगितलं होतं. वायफायमध्ये एका चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एका वाटेवर, एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. शेजारच्या घरांचं वायफाय त्याच चॅनलवर असेल तर त्यांच्यासाठीही थांबायचं. जुन्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच धरतात: १, ६ आणि ११. काकूंच्या खोलीत शेजाऱ्यांची चौदा नेटवर्कं दिसत होती. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर, पण ते भिंतीपुढे लवकर दम टाकतं, आणि बंद कप्प्यात डब्यांमागे ठेवल्यावर तर ते खोलीपर्यंत येतच नव्हतं.

दुसरी गोष्ट साडेनऊला कळली. काका फिरून आले, फोन चार्जिंगला लावला आणि दिवसभरातले फोटो-व्हिडिओ आपोआप वर चढायला लागले. जाणारी वाट भरली. राउटरच्या दारात पॅकेटची रांग लागली आणि कॉलची इवलीशी पॅकेट त्या रांगेत मागे उभी. वायरनेसुद्धा पिंग ५ वरून १८० वर गेलं. टपालात एकच पाकीट टाकायचंय आणि पुढचा माणूस दोनशे पार्सलं घेऊन खिडकीवर उभा, अशी ही गत.

राउटर कप्प्यातून काढून पॅसेजच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला लावला, तिथून आतली खोली सरळ दिसते. फायबरला मोठा वळसा दिला. काकूंचा टॅब ५ गिगाहर्ट्झवर जोडला. काकांच्या फोनचा बॅकअप मध्यरात्रीनंतरचा केला. खर्च म्हणजे दोन स्क्रू आणि एक फळी. आतल्या खोलीतलं पिंग ६ ते १० वर स्थिरावलं. पुढच्या बिलापासून काकूंनी प्लॅन परत शंभरचा करून घेतला.

तुमच्या घरीही हे करून बघता येईल. आधी राउटरशेजारी वायरने, मग नेहमी बसता त्या जागी वायफायवर, आणि दोन्ही वेळा पिंगचे आकडे लिहून ठेवा. वायरवर आकडे चांगले आणि खोलीत वाईट असतील तर दोष घरातला. घरातलं दुसरं कोणी काही पाठवत नसताना वायरवरही आकडे उड्या मारत असतील, तर तो कागद घेऊन कंपनीशी बोला. 'नेट स्लो आहे' या तक्रारीपेक्षा 'वायरवर, रात्री नऊला, पिंग दोनशे' ही तक्रार पुढे सरकते.

चार दिवसांनी जिन्यात काकू भेटल्या. चित्र आता गोठत नाही म्हणाल्या, पण एक बारीक गोष्ट अजून होते: दोघं एकदम बोलतात आणि दोघंही "बोल, तू बोल" म्हणून थांबतात. मी सांगितलं, तो राहिलेला वेळ मधल्या समुद्राचा आहे, तो कोणत्याच प्लॅनने जायचा नाही. काकूंनी जरा विचार केला. परवा त्यांच्या घरावरून जाताना कॉल चालू होता. वाक्य संपलं की त्या क्षणभर थांबत होत्या, पलीकडचं येऊ देत होत्या, मग बोलत होत्या.